मिरीचे मिशनरी, नाशिकचे पहिले अँग्लिकन बिशप : फिलिप हेन्री लॉईड

बुलढाणा जिल्ह्यात प्रोटेस्टंट बांधव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा नाझरीन मंडळी येते, किंवा खामगाव-अकोल्याकडील अलायन्स मंडळी येते. या मंडळ्यांत पास्टर असतात, त्यांच्या कामावर देखरेख करणारे अधीक्षक असतात. परंतु बिशप नसतात. त्यामुळे बिशपपद हे केवळ कॅथलिक ख्रिस्तसभेतच असते, असा समज मेहकर परिसरातील अनेक श्रद्धावंतांच्या बोलण्यात आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. सोळाव्या शतकात रोमपासून विलग झालेल्या इंग्लंडच्या ख्रिस्तसभेने, म्हणजे अँग्लिकन ख्रिस्तसभेने, बिशप, धर्मगुरू आणि डीकन ही तिन्ही पदे कायम ठेवली. या ख्रिस्तसभेचे बिशप महाराष्ट्रातही होऊन गेले. आपला वऱ्हाड प्रांत विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्यांच्या नागपूर धर्मप्रांतात मोडत असे.

अशा बिशपपदापर्यंत माणूस कोणत्या वाटेने पोहोचत असे, हे समजून घेण्यासाठी आम्ही या लेखात फिलिप हेन्री लॉईड यांचे चरित्र निवडले आहे. लंडनच्या गरीब वस्तीतून अहमदनगर जिल्ह्यातील मिरी या खेड्यात, तेथून नाशिकच्या धर्मप्रांतात आणि शेवटी पुन्हा इंग्लंडात, असा त्यांचा प्रवास झाला.

पदांचा क्रम

लॉईड यांच्याकडे वळण्यापूर्वी पदांचा क्रम थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. अँग्लिकन ख्रिस्तसभेत उमेदवार प्रथम डीकन होतो व साधारण एका वर्षाने त्यास गुरुदीक्षा मिळते. नवा धर्मगुरू काही वर्षे एखाद्या धर्मग्रामात मुख्य धर्मगुरूंच्या हाताखाली साहाय्यक म्हणून काम करतो. या पदास ते ‘क्युरेट’ म्हणतात. त्यानंतर स्वतंत्र धर्मग्राम, एखाद्या सेमिनरीतील अध्यापन किंवा मिशनकार्य अशा वाटा फुटतात. पुढे कॅनन, आर्चडीकन, डीन ही पदे येतात. आर्चडीकन हे बिशपांच्या वतीने धर्मप्रांताच्या एका भागाचा कारभार पाहतात. बिशप होण्यासाठी ही सर्व पदे भूषविलीच पाहिजेत असे मात्र नाही. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेच्या नियमांनुसार बिशपांचे वय किमान ३० असावे लागते. आपल्या धर्मविधान संहितेत हे वय किमान ३५ आहे आणि गुरुदीक्षेस किमान पाच वर्षे झालेली असावी लागतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पोप लिओ तेरावे यांनी १८९६ मध्ये ‘अपोस्तोलिचे कुरे’ या पत्राद्वारे अँग्लिकन गुरुदीक्षा कॅथलिक दृष्टीने वैध नाहीत असा निर्णय दिला व तो आजही कायम आहे. म्हणूनच अँग्लिकन धर्मगुरू कॅथलिक झाले व त्यांना धर्मगुरू म्हणून सेवा करावयाची असली, तर त्यांना गुरुदीक्षा घ्यावी लागते. पाकिस्तानात जन्मलेले व इंग्लंडमधील रॉचेस्टरचे अँग्लिकन बिशप राहिलेले मायकेल नझीर-अली यांना २०२१ मध्ये याच रीतीने कॅथलिक गुरुदीक्षा देण्यात आली. हा धर्मशास्त्रीय भेद ध्यानात ठेवूनही, दुसऱ्या ख्रिस्तसभेतील सेवकाचे जीवन आदराने अभ्यासण्यास काहीच प्रत्यवाय नाही.

सरकारी बिशप

हिंदुस्थानातील पहिला अँग्लिकन धर्मप्रांत कलकत्त्याचा. त्याची स्थापना १८१४ साली झाली. पुढे १८३५ मध्ये मद्रास व १८३७ मध्ये मुंबई हे धर्मप्रांत झाले. मुंबईचे पहिले बिशप थॉमस कार हे आधी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतील चॅप्लेन होते, मग आर्चडीकन झाले आणि मग बिशप. त्यांची वाट सरळ सरकारी नोकरीची होती. कंपनीचे व नंतर राणी सरकारचे चॅप्लेन हे प्रामुख्याने गोरे अधिकारी, सैनिक आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी नेमलेले असत. छावणीतील चर्च, बंगल्यांची वसाहत व दफनभूमी एवढेच त्यांचे क्षेत्र. मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती माणसाशी त्यांचा संबंध येईच असे नव्हते.

दुसरी वाट विद्वानांची होती. एडविन जेम्स पामर हे ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात फेलो व चॅप्लेन होते. १९०८ मध्ये ते तेथून थेट मुंबईचे बिशप झाले व १९२९ पर्यंत त्या पदावर राहिले. पामर यांचे नाव येथे दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती पंथांच्या एकीकरणासाठी त्यांनी पुष्कळ परिश्रम घेतले, हे एक. दुसरे असे की लॉईड यांना आधी साहाय्यक बिशपपद मिळाले ते पामर यांच्याच कारकिर्दीत.

मिरीचा मिशनरी

लॉईड यांचा जन्म १८८४ साली झाला. शिक्षण ईटन येथील विख्यात शाळेत आणि केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात झाले. इंग्लंडच्या सत्ताधारी वर्गातील मुले ज्या शाळेत शिकत, तीच ही शाळा. त्या काळी ईटनहून निघालेला तरुण संसदेत, सैन्यात किंवा सनदी नोकरीत जाई. धर्मगुरू झाला तरी त्यास चांगले उत्पन्न असलेले धर्मग्राम मिळणे कठीण नसे.

लॉईड यांनी आरंभ केला तो पूर्व लंडनमधील हॅकनी विक येथे, सेंट मेरी ऑफ ईटन या चर्चमध्ये क्युरेट म्हणून. ईटन शाळेने १८८० मध्ये लंडनच्या कामगार वस्तीत एक मिशन सुरू केले होते, त्याचेच हे चर्च. श्रीमंतांच्या शाळेने गरिबांच्या वस्तीत चालविलेले काम म्हणून त्यावर टीका करता येईल. पण गिरणी, गोदी व कारखान्यांच्या आसपास राहणाऱ्या लोकांचे जीवन तरुण धर्मगुरूंना तेथे जवळून दिसत असे, हेही खरे. त्यानंतर लॉईड ऑक्सफर्डजवळील कडेसडन येथील सेमिनरीत उपप्राचार्य झाले. १८५४ मध्ये बिशप सॅम्युएल विल्बरफोर्स यांनी स्थापन केलेल्या या संस्थेत दररोजची प्रार्थना, साक्रामेंत आणि धर्मगुरूंचे आध्यात्मिक जीवन यांवर भर असे. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेतील जो प्रवाह कॅथलिक परंपरेच्या अधिक जवळचा मानला जातो, त्या प्रवाहातील ही संस्था होय.

सेमिनरीचे उपप्राचार्यपद म्हणजे मोठ्या पदांच्या उंबरठ्यावरची जागा. तेथून इंग्लंडातच पुढे सरकणे सोपे होते. लॉईड यांनी ती जागा सोडली आणि पहिले महायुद्ध चालू असताना ते मिशनरी म्हणून मिरीला आले. १७०१ साली इंग्लंडात स्थापन झालेल्या व ‘एस.पी.जी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या मिशनरी संस्थेचे तेथे काम होते.

मिरी हे पाथर्डी तालुक्यातील गाव. ज्या जिल्ह्याला आज अहिल्यानगर म्हणतात, त्याच्या या पूर्व भागात पाऊस बेताचा. ज्वारी-बाजरीची शेती आणि वरचेवर दुष्काळ. १८७६ ते १८७८ आणि १८९९-१९०० या दुष्काळांच्या आठवणी लॉईड आले तेव्हा वडीलधाऱ्यांच्या तोंडी ताज्या असणार. शिवाय १९१८ मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएन्झाची साथ आली.

या जिल्ह्यातील अँग्लिकन ख्रिस्ती समाज मुख्यतः महार व मांग कुटुंबांतून आलेला होता. त्यांची घरे गावकुसाबाहेर होती. महारकीचे वतन, त्याबरोबर येणारी गावकीची सक्तीची कामे आणि बदल्यात मिळणारे बलुते यांवर त्यांचा चरितार्थ चाले. बाप्तिस्मा घेतल्याने ही व्यवस्था संपत नव्हती. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबाने गावकीची कामे करावीत की नाही, मेलेली जनावरे ओढावीत की नाही, देवीच्या जत्रेतील परंपरागत कर्तव्ये कोणी पार पाडावीत, असे प्रश्न रोजच उभे राहत. अशा ठिकाणी मिशनऱ्याने दिलेले प्रवचन दहा मिनिटांचे असे; उरलेला दिवस शाळा, औषधे, पाटील-कुळकर्ण्यांकडील खेपा व मामलेदार कचेरीतील अर्ज यांत जाई. हे सारे मराठीतून आणि तेही पुस्तकी मराठीतून नव्हे. ईटनमध्ये लॅटिन-ग्रीक शिकलेल्या माणसाला येथे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागत असे.

आमच्या मते लॉईड यांच्या साऱ्या वाटचालीत हाच टप्पा निर्णायक आहे. मिरीनंतर त्यांचे कार्यक्षेत्र अहमदनगर शहर झाले व १९२५ पर्यंत ते तेथेच होते. म्हणजे बिशप होण्यापूर्वीची अनेक वर्षे त्यांनी एकाच जिल्ह्यात व एकाच भाषेत घालविली. त्याच सुमारास त्यांच्याच संस्थेचे अहमदनगरातील दुसरे मिशनरी जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापन केला. इंग्रज व भारतीय यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे, साधी भारतीय राहणी स्वीकारावी, हा त्यामागील हेतू होता. विन्स्लो यांनी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचे इंग्रजी चरित्रही लिहिले. अहमदनगर हे त्या काळी मराठी ख्रिस्ती विचारांचे किती जिवंत केंद्र होते, याची कल्पना यावरून येईल.

त्याच जिल्ह्यात आपले लोक

कॅथलिक वाचकांसाठी येथे एक गोष्ट नोंदविण्यासारखी आहे. अहमदनगर जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर या भागांत जर्मन जेझुइट फादरांचे काम १८७८ पासून उभे राहिले होते. महायुद्ध सुरू होताच हे सारे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ब्रिटिश सरकारने जर्मन नागरिकांसाठी मोठी नजरकैद छावणी काढली ती नेमकी अहमदनगरला. जर्मन जेझुइटांना कामावरून दूर व्हावे लागले व बहुतेकांना पुढे मायदेशी पाठविण्यात आले. लॉईड या जिल्ह्यात आले ते या उलथापालथीच्या काळात. एकाच प्रदेशातील, एकाच समाजाची सेवा करणाऱ्या दोन ख्रिस्तसभांपैकी एकीच्या सेवकांना पासपोर्टामुळे बाहेर जावे लागले आणि दुसरीच्या सेवकांना पासपोर्टामुळेच दार उघडे राहिले.

पुण्याचे जर्मन जेझुइट बिशप हेन्री डोरिंग यांची वाट तर फारच विलक्षण झाली. १९०७ मध्ये ते पुण्याचे बिशप झाले, १९२१ मध्ये त्यांची नेमणूक जपानमधील हिरोशिमा येथे झाली आणि १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या धर्मप्रांतात परतले. वरिष्ठ धर्माधिकाऱ्याची वाट केवळ त्याच्या गुणांनी किंवा इच्छेने ठरत नाही, हे या दोन समकालीनांकडे पाहिले की कळते.

नाशिकचे आसन

मुंबईचा अँग्लिकन धर्मप्रांत एका बिशपाला सांभाळता येण्यासारखा नव्हता. मुंबई शहरातील कॅथीड्रल, छावण्यांतील चर्चे, पुण्यातील संस्था आणि शेकडो मैलांवरच्या खेड्यांतील मंडळ्या, असा तो अवाढव्य पसारा होता. म्हणून १९२५ मध्ये लॉईड यांना मुंबईचे साहाय्यक बिशप नेमण्यात आले. आपल्याकडे साहाय्यक बिशपांना एखाद्या प्राचीन, लुप्त धर्मप्रांताचे नाव दिले जाते. अँग्लिकन साहाय्यक बिशपांना तशी पदवी नसते.

पुढे १९२९ मध्ये मुंबईपासून अलग करून नाशिक हा नवा धर्मप्रांत निर्माण झाला आणि लॉईड त्याचे पहिले बिशप झाले. हे काम वरवर दिसते तितके सोपे नव्हते. नाशिकचे मिशन ‘सी.एम.एस.’ या दुसऱ्या अँग्लिकन संस्थेने वाढविले होते; तिचे शरणपूर हे ख्रिस्ती गाव प्रसिद्ध आहे. गुलामगिरीतून सुटका झालेल्या आफ्रिकी मुलांना याच शरणपुरात आसरा व शिक्षण मिळाले होते. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या पार्थिवासोबत १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराईट हा तेथलाच विद्यार्थी. सी.एम.एस. ही पवित्र शास्त्राच्या वाचनावर व वैयक्तिक परिवर्तनावर भर देणारी, विधींत साधेपणा पाळणारी संस्था. तर अहमदनगरची एस.पी.जी. ही वेदी, साक्रामेंत व परंपरा यांना अग्रस्थान देणारी. नव्या बिशपांना या दोन्ही घरांतील लेकरांना एका छपराखाली आणावयाचे होते. एका गावातील प्रार्थना पाहून आलेल्या श्रद्धावंताला दुसऱ्या गावातील प्रार्थना परकी वाटावी, अशी परिस्थिती.

त्यातच त्या वर्षांत एक मोठा बदल झाला. तोवर हिंदुस्थानातील अँग्लिकन ख्रिस्तसभा कायद्याने इंग्लंडच्या राज्याश्रित ख्रिस्तसभेचा भाग होती. ब्रिटिश संसदेने १९२७ मध्ये केलेल्या कायद्याने हा संबंध तुटला व १ मार्च १९३० पासून ती स्वतंत्र झाली. यापुढे बिशपांची निवड येथील ख्रिस्तसभेच्या हाती आली. धर्मप्रांतांच्या सभांमध्ये भारतीय धर्मगुरू व प्रापंचिक यांचा आवाज वाढला. लॉईड यांनी नाशिक येथे १५ वर्षे काढली ती या स्थित्यंतराच्या काळात. याच काळात, १९३५ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिक जिल्ह्यातील येवले येथे धर्मांतराची ऐतिहासिक घोषणा केली. ज्या समाजात अँग्लिकन मिशनने पन्नासहून अधिक वर्षे काम केले होते, त्याच समाजाच्या नेत्याने आपली दिशा स्वतंत्रपणे ठरविण्याचे जाहीर केले. तेव्हा या प्रदेशातील प्रत्येक ख्रिस्तसभेला, आपल्यालाही, स्वतःस काही प्रश्न विचारावे लागले.

परतीची वाट

१९४४ मध्ये लॉईड यांची नेमणूक इंग्लंडमधील सेंट ऑल्बन्स येथे बिशप म्हणून झाली. इंग्लंडच्या ख्रिस्तसभेत बिशपांची नेमणूक राजा किंवा राणी पंतप्रधानांच्या सल्ल्याने करतात. त्या वेळी पंतप्रधान चर्चिल होते. ब्रिटनचे पहिले रक्तसाक्षी संत अल्बन यांच्या नावाचे हे प्राचीन मठमंदिर १८७७ मध्ये कॅथीड्रल झाले. इंग्लंडने ख्रिस्तसभेला दिलेले आजवरचे एकमेव पोप, एड्रियन चौथे, यांचा जन्मही याच परिसरातला.

ही बढती होती काय? पद तेच, बिशपाचेच. परंतु इंग्लंडात वसाहतींतून परतणाऱ्या बिशपांकडे थोड्या उपहासाने पाहिले जाई. परत आलेल्या रिकाम्या बाटल्या, अशी त्यांची थट्टा होत असे. बहुतेकांना स्वतंत्र धर्मप्रांत मिळत नसे. मुंबईत २१ वर्षे बिशप राहिलेले पामर परतल्यावर ग्लॉस्टरचे साहाय्यक बिशप झाले. ख्रिस्त सेवा संघाच्या परंपरेतील पुण्याच्या आश्रमाचे आचार्य विल्यम लॅश हे १९४७ ते १९६१ या काळात मुंबईचे बिशप होते; खादी वापरणारा हा बिशप परतल्यावर ट्रुरो येथे साहाय्यक झाला. लॉईड यांना मात्र पूर्ण धर्मप्रांत सोपविण्यात आला. १९५० पर्यंत त्यांनी तो सांभाळला व १९५२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्यांच्यासाठी ही वाट नव्हती

लॉईड यांच्याविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न टाळता येत नाही. मराठी ख्रिस्ती समाजाला मराठी बिशप मिळण्यास इतका उशीर का लागला? फादर नेहेम्या गोरे यांचेच उदाहरण घ्या. १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, षड्दर्शनांवर अधिकाराने लिहिणारे हे चित्पावन पंडित अँग्लिकन धर्मगुरू झाले, पंडिता रमाबाईंच्या विचारांवर त्यांचा प्रभाव पडला. पण १८९५ मध्ये निवर्तले ते साधे धर्मगुरू म्हणूनच. औरंगाबादेत दीर्घकाळ सेवा केलेले पारशी कुळातील रेव्हरंड रतनजी नवरोजी हेही त्याच पायरीवर राहिले. भारतीय वंशाचे पहिले अँग्लिकन बिशप व्ही. एस. अझरया यांचा अभिषेक १९१२ मध्ये झाला, तोही तेलुगू प्रदेशातील दोर्नाकलसाठी.

आपल्या वऱ्हाडाचा नागपूर धर्मप्रांत पाहिला तरी हेच दिसते. पहिले बिशप आयर चॅटर्टन हे आयर्लंडचे. हजारीबागच्या मिशनमधून आलेले. त्यांच्यानंतर १९२६ मध्ये आलेले अलेक्स वुड हे स्कॉटलंडचे. वुड यांचे आयुष्य लॉईड यांच्या जोडीला ठेवण्यासारखे आहे. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांनी दीर्घकाळ मिशनरी म्हणून काम केले, १९१९ मध्ये छोटा नागपूरचे बिशप झाले व तेथून नागपुरास आले. मराठी मुलखातील खेडी त्यांनाही ठाऊक होती. पण निवड होत राहिली ती समुद्रापलीकडून आलेल्यांतूनच. भाषा शिकून आलेला चांगला परका मिळाला की घरच्या माणसाला तयार करण्याची निकड वाटेनाशी होते, असे आम्हांस वाटते. कॅथलिक ख्रिस्तसभाही या दोषापासून मुक्त नव्हती. पुण्यात डोरिंग यांच्यानंतर, १९४९ मध्ये, अँड्र्यू डिसोझा यांच्या रूपाने भारतीय बिशप आले. आपला अमरावती धर्मप्रांत १९५५ मध्ये स्थापन झाला, तेव्हा मात्र पहिल्याच दिवसापासून बिशप जोसेफ रोझारियो हे भारतीय महागुरुस्वामी लाभले व १९९५ पर्यंत त्यांनी धुरा वाहिली.

अँग्लिकन ख्रिस्तसभेत नाशिक व नागपूर या दोन्ही आसनांवर १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय बिशप आले; नाशिकला आर्थर विल्यम लूथर आणि नागपूरला जॉन सादिक. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा ख्रिस्ती मंडळ्यांच्या एकीकरणातून ‘उत्तर भारताची मंडळी’, म्हणजेच सी.एन.आय., स्थापन झाली आणि महाराष्ट्रातील अँग्लिकन धर्मप्रांत तिच्यात विलीन झाले. नाशिक हा आज त्या मंडळीचा धर्मप्रांत आहे.